अलाइनमेंट पाहिलीस का?

गेल्या महिन्यात माझी एक विद्यार्थिनी उघडा लॅपटॉप दोन्ही हातांत धरून माझ्या खोलीत आली. लॅपटॉप असा ताटासारखा धरून कोणी चालत आलं की काहीतरी बिघडलेलं तरी असतं, नाहीतर काहीतरी फार छान घडलेलं असतं. तिचा चेहरा दुसऱ्या प्रकारातला होता.

"मॅडम, निवडीच्या खुणा असलेली त्रेचाळीस जनुकं सापडली. वंशवृक्षाच्या सगळी एकाच शाखेवर!"

मी "एकाच शाखेवर" एवढंच ऐकलं आणि तोंडातून निघून गेलं, "अलाइनमेंट पाहिलीस का?"

"हो, म्हणजे... रन केली ना."

"रन केलीस. पाहिलीस का?"

चेहरा उतरला. (अलाइनमेंट म्हणजे वेगवेगळ्या प्राण्यांमधल्या एकाच जनुकाची एकाखाली एक मांडणी. तिच्याबद्दल पुढे सांगतेच.) मला वाईट वाटलं, पण फार नाही. हाच प्रश्न याच शब्दांत मला २०११ साली विचारला गेला होता आणि तेव्हा माझंही उत्तर हेच होतं.

मी मूळची संख्याशास्त्राची. आकृती काढायची, बाण मारायचे, नावं लिहायची, एवढीच माझी जीवशास्त्राबद्दलची समजूत होती आणि शाळेबरोबर ती संपलीही होती. उत्क्रांतीकडे मला ओढलं ते एका आकड्याने. एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्रात एका पाहुण्या व्याख्यात्याने विचारलं, दहा प्रजातींचा वंशवृक्ष किती वेगवेगळ्या प्रकारे काढता येईल? वर्गातून शंभर, हजार असे अंदाज आले. उत्तर होतं २०,२७,०२५, आणि तेही वृक्षाचं मूळ कुठे आहे हे न ठरवता. वीस प्रजाती घेतल्या तर २२ वर एकोणीस शून्यं. पन्नास घेतल्या तर आकडा ७५ अंकी. त्यातला खरोखर घडलेला वृक्ष एकच, आणि तो घडताना पाहायला कोणी हजर नव्हतं. हातात पुरावा काय, तर आजवर टिकून राहिलेल्या प्राण्यांच्या डीएनएमधली चार अक्षरं.

त्या रात्री मला झोप लागली नाही वगैरे म्हणणार नाही, झोप छान लागली. पण दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात जाऊन जोसेफ फेल्सेन्स्टाइन यांचा १९८१ चा पेपर काढला. एखादा वृक्ष खरा धरला तर आज दिसतो तो डीएनए मिळण्याची शक्यता किती, हे मोजण्याची त्यातली युक्ती मला आजही शिकवताना आनंद देते. वृक्षाच्या टोकांपासून सुरुवात करायची आणि प्रत्येक फाट्यावर फक्त चार आकडे लिहून ठेवायचे: इथल्या पूर्वजाकडे ए असता तर खालचं सगळं आज दिसतंय तसं दिसण्याची शक्यता किती, सी असता तर किती, मग जी, मग टी. हे चार आकडे वरच्या फाट्याला द्यायचे आणि खालचं विसरून जायचं. पूर्वजांच्या अक्षरांच्या सगळ्या जुळण्या एकेक करून मोजत बसलं तर जन्म पुरणार नाही. या वाटेने गेलं तर काम फाट्यांच्या संख्येइतकंच वाढतं.

मी चार प्रजातींसाठी ते कागदावर केलं, मग कोड लिहिला. कोडने उत्तर दिलं, शून्य. कुठलाही वृक्ष द्या, शून्य. माझ्या प्रोग्रॅमच्या मते या चार प्राण्यांचा डीएनए असा असणं अशक्यच होतं. कारण साधं होतं: हजार जागांच्या शक्यता एकमेकींना गुणल्या की उत्तर इतकं बारीक होतं की संगणकाला ते मांडताच येत नाही. गुणाकार करायचा नसतो, लॉगरिदमची बेरीज करायची असते. संख्याशास्त्र शिकलेल्या बाईला हे सुचायला दोन दिवस लागले.

२००९ मध्ये पीएच.डी.ला लागले. माझे गाइड कोड लिहीत नसत. ते जुन्या पद्धतीचे, वर्षानुवर्षं कीटक हाताळलेले. अलाइनमेंट ते कागदावर छापून घेत आणि रंगीत पेन्सिली घेऊन बसत. मला ते सुरुवातीला गंमतशीर वाटायचं. हजारो जनुकं एका रात्रीत तपासणारी माझी स्क्रिप्ट कुठे आणि सरांची पेन्सिल कुठे.

अलाइनमेंट म्हणजे काय, ते इथे सांगायला हवं. वेगवेगळ्या प्राण्यांमधलं एकच जनुक एकाखाली एक असं मांडायचं, की एका उभ्या रकान्यातली सगळी अक्षरं एकाच पूर्वज-अक्षरापासून आलेली असतील. कुठे अक्षरं गळाली असतील, कुठे घुसली असतील, तिथे रिकाम्या जागा सोडायच्या. पुढचं सगळं गणित या मांडणीवर उभं असतं, आणि पुढचं कुठलंही गणित या मांडणीवर शंका घेत नाही. रकाना चुकला तर चुकलेल्या रकान्यातूनही प्रोग्रॅम मन लावून इतिहास काढून देतो. वंशवृक्ष काढणाऱ्या प्रोग्रॅमला काहीही द्या, वृक्ष येतोच. मी एकदा गंमत म्हणून यादृच्छिक अक्षरं दिली होती. सुरेख वृक्ष आला, नीट फांद्याबिंद्या असलेला.

याहून भयंकर गोष्ट मला पहिल्या वर्षीच कळली होती, पण आत मुरली नव्हती. फेल्सेन्स्टाइन यांनीच १९७८ मध्ये दाखवलं होतं की काही परिस्थितींत, कमीत कमी बदलांचा वृक्ष निवडणारी पद्धत चुकते, आणि जितका जास्त डेटा द्याल तितक्या खात्रीने चुकते. दोन वंश झपाट्याने बदलत असतील तर अक्षरं चारच असल्यामुळे दोघांकडे योगायोगाने सारखी अक्षरं जमत जातात. पद्धत म्हणते, सारखेपणा आहे म्हणजे नातं आहे. दोन लांब फांद्या एकमेकींना चिकटतात. आम्ही संख्याशास्त्रवाले 'डेटा वाढवा, सत्य जवळ येईल' या विश्वासावर वाढलेले. माझ्यासाठी हा पेपर म्हणजे घराचा पाया हलल्यासारखा होता.

मायक्रोस्पोरिडिया या परजीवींची गोष्ट याच जातीची. १९८० च्या दशकात त्यांच्या रायबोसोमच्या आरएनएवरून ते वृक्षाच्या अगदी बुडाशी बसले, केंद्रक असलेल्या सजीवांमधले अतिप्राचीन म्हणून. त्यांच्यात पेशीला ऊर्जा पुरवणारे मायटोकाँड्रियाही दिसत नव्हते, म्हणजे मायटोकाँड्रिया येण्याआधीच हे वेगळे झाले असणार. दोन पुरावे, दोन्ही एकाच बाजूला. पुढे इतर जनुकं पाहिली तेव्हा ते बुरशीचे नातेवाईक निघाले. परजीवी जगण्यात त्यांची जनुकं वेगाने बदलली होती, म्हणून फांदी लांब, म्हणून ती बुडाला ओढली गेली. आणि २००२ मध्ये त्यांच्यात मायटोकाँड्रियाचे खुरटलेले अवशेषही सापडले. दोन स्वतंत्र पुरावे जुळले असं ज्याला म्हणत होते, त्या एकमेकींना दुजोरा देणाऱ्या दोन चुका होत्या. मी हे वर्गात सांगते तेव्हा मुलं हसतात. मीही हसायचे.

आता माझी चिचुंद्री.

पीएच.डी.चा विषय होता सस्तन प्राण्यांच्या जनुकांमध्ये नैसर्गिक निवडीच्या खुणा शोधणं. तत्त्व असं: डीएनएची तीन-तीन अक्षरं मिळून एक कोडॉन. कोडॉन ६४, अमिनो आम्लं २०, त्यामुळे पुष्कळ बदल असे असतात की अक्षर बदलतं पण प्रथिन तसंच राहतं. हे गप्प बदल जवळपास फुकट होत राहतात, म्हणून ते घड्याळासारखे वापरायचे. प्रथिन बदलणाऱ्या बदलांचा वेग त्यांच्या वेगाने भागायचा. उत्तर १ च्या खाली असलं तर निवड बदलांना छाटते आहे. १ च्या आसपास असलं तर कोणालाच फिकीर नाही. मोतू किमुरा यांनी १९६८ मध्ये रेणूंच्या पातळीवरचे बहुतेक बदल असे बिनफिकिरीचे असतात असं मांडलं, तेव्हापासून आमच्याकडे गृहीत धरायला एक सुंदर 'काहीच घडलेलं नाही' आहे. आणि उत्तर १ च्या वर गेलं, तर निवडीने नवा बदल मुद्दाम पुढे ढकललाय. सगळे त्याच्या शोधात असतात.

मला एकसष्ट जनुकं मिळाली. सगळी चिचुंद्रीच्या एका जातीच्या शाखेवर. त्यातली सतरा स्नायू आणि ऊर्जेशी संबंधित.

चिचुंद्री हा काय प्राणी आहे हे माहीत असेल तर तुम्हाला माझी अवस्था कळेल. इवलासा जीव, हृदय मिनिटाला कित्येक शेकडा ठोके मारतं, सतत खावं लागतं, थोडा वेळ उपाशी राहिली तर मरते. एवढ्या जळणाऱ्या भट्टीत ऊर्जेची जनुकं बदललेली असणारच! गोष्ट स्वतःच स्वतःला सांगत होती. मी पोस्टर केलं. वर चिचुंद्रीचं मोठं छायाचित्र, खाली हृदयाच्या ठोक्यांचा आलेख. परिषदेत त्यापुढे गर्दी झाली. एका ज्येष्ठ बाईंनी पाठ थोपटली. मी परत आले ती जमिनीच्या वीतभर वरून.

सरांनी पोस्टर पाहिलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला. "अलाइनमेंट पाहिलीस का?"

"हो सर, दोन वेगवेगळ्या प्रोग्रॅमनी केली."

"प्रोग्रॅमनी पाहिली. तू?"

मग मी एकसष्ट जनुकं छापली. नऊ दिवस लागले. दुसऱ्याच दिवशी दुपारी मला कळलं होतं, पुढचे सात दिवस मी एखादं तरी वेगळं निघेल या आशेवर बसले होते. चिचुंद्रीतले बदल जनुकभर विखुरलेले नव्हतेच. पंधरा-वीस कोडॉनचा सलग पट्टा, त्यात एकूण एक अमिनो आम्ल वेगळं, आणि पट्ट्याच्या आधी-नंतर सगळं इतरांसारखं. काही ठिकाणी एक अक्षर गळालेलं, त्यामुळे तीन-तीनची वाचनाची चौकटच सरकलेली, आणि थोड्या अंतरावर एक अक्षर जास्तीचं घुसून परत जागेवर आलेली. काही ठिकाणी जनुकाचा तुकडा कुठे संपतो हे ठरवणाऱ्या प्रोग्रॅमने पुढचा निरर्थक भागही प्रथिन म्हणून वाचलेला. उत्क्रांतीचा तिथे काही संबंध नव्हता, त्या वाचनातल्या चुका होत्या.

आणि चिचुंद्रीच का, तेही उघड होतं. त्या काळी कितीतरी सस्तन प्राण्यांचे जीनोम, म्हणजे त्यांचा अख्खा डीएनए, खर्च वाचवण्यासाठी २ पट खोलीनेच वाचलेले होते, म्हणजे प्रत्येक अक्षर सरासरी दोनदा. सरासरी दोनदा वाचलं, तर पॉयसाँ वितरणाप्रमाणे साधारण साडेतेरा टक्के अक्षरं एकदाही वाचली जात नाहीत, आणि त्याच्या दुप्पट, सत्तावीस टक्के, एकदाच. एकदाच वाचलेल्या अक्षरातली चूक पकडणार कोण? हे गणित मी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी केलेलं होतं. जीनोमच्या फाइलवर 'चिचुंद्री' लिहिलेलं पाहिलं आणि गणित विसरले.

एकसष्टमधली चार उरली. हृदयाशी एकाचाही संबंध नव्हता.

मी सरांना सांगायला गेले तेव्हा रडायच्या बेतात होते. ते म्हणाले, "चार चांगली आहेत की." मग जरा थांबून, "आणि ही चूक किती जणांनी केली असेल, ते मोज." तो माझा पहिला पेपर झाला: अलाइनमेंटमधल्या चुका निवडीसारख्या कशा दिसतात. मी खोटे अनुक्रम तयार केले, ज्यांत निवड नव्हतीच हे मला पक्कं माहीत होतं, त्यांत मुद्दाम चुका पेरल्या आणि प्रोग्रॅम किती वेळा 'निवड!' म्हणून ओरडतो ते मोजलं. चिचुंद्रीचं छायाचित्र त्यात नव्हतं. पोस्टरपुढे जितके लोक उभे राहिले तितक्यांनी तरी तो पेपर वाचला का, शंका आहे.

उत्तर माहीत असलेल्या डेटावर पद्धत तपासायची, ही सवय मला तिथे लागली. या बाबतीत माझा सर्वात आवडता प्रयोग संगणकावरचा नाहीच. १९९२ मध्ये डेव्हिड हिलिस आणि सहकाऱ्यांनी टी-७ हा विषाणू प्रयोगशाळेत वाढवला, ठरवून फांद्या पाडल्या, म्हणजे खरा वंशवृक्ष त्यांच्या वहीत लिहिलेला होता. मग टोकाच्या नऊ विषाणूंवरून पद्धतींना वृक्ष ओळखायला लावला. शक्य वृक्ष १,३५,१३५. पद्धतींनी बरोबर ओळखला. वाईट दिवसांत मी हा पेपर काढून वाचते. आपल्या हातात काहीच नाही असं वाटत असतं तेव्हा बरं वाटतं.

पीएच.डी.नंतरची, पोस्टडॉकची वर्षं थोडक्यात सांगते, कारण ती सगळ्यांची सारखीच असतात. दोन ठिकाणं, दोन-दोन, तीन-तीन वर्षांचे करार, दर करारातलं शेवटचं वर्ष अर्ज लिहिण्यात. एका प्रयोगशाळेत मी आठ महिने सगळं विश्लेषण केलं आणि पेपरवर माझं नाव सातवं आलं. विचारलं तर उत्तर मिळालं, "डेटा तर आमचा होता ना." जीवशास्त्रज्ञांच्या लेखी मी संगणकवाली, संगणकवाल्यांच्या लेखी जीवशास्त्रवाली. मुलाखतींत एक प्रश्न ठरलेला: "पण तुमचा स्वतःचा प्राणी कोणता?" कोणी माशांवर काम करतं, कोणी मधमाशांवर. मी चुकांवर काम करते, हे उत्तर निवड समितीपुढे फारसं चालत नाही. चार ठिकाणी चाललं नाही. पाचव्या ठिकाणी समितीतल्या एका गृहस्थांनी पुढे वाकून विचारलं, "आमचा अमुक पेपर तपासला आहे का तुम्ही?" तपासला होता. तीच नोकरी मिळाली.

त्याच काळात, २०१५ च्या शेवटी, टार्डिग्रेडचा गाजावाजा झाला. पाणअस्वल म्हणतात तो सूक्ष्म जीव, वाळवला तरी जगणारा. त्याच्या जनुकांपैकी १७.५ टक्के जनुकं परकी, बरीचशी जीवाणूंकडून आलेली, असं एका गटाने जाहीर केलं. गोष्ट पुन्हा स्वतःच स्वतःला सांगत होती: इतका चिवट प्राणी, उसनी जनुकं घेतली असणारच. काही दिवसांतच त्याच प्राण्याचा जीनोम स्वतंत्रपणे वाचणाऱ्या दुसऱ्या गटाने दाखवलं की त्यातला बहुतेक भाग नमुन्यात मिसळलेल्या जीवाणूंचा आहे. आमच्या गटातले सगळे त्यावर विनोद करत होते. मला विनोद सुचला नाही. मला माझं पोस्टर आठवत होतं, आणि माझ्या वेळी सर शेजारच्या खोलीत होते, एवढाच काय तो फरक.

आमच्या क्षेत्रातल्या चुका नेहमी एवढ्या भारदस्तही नसतात. सेप्ट-२ आणि मार्च-१ नावाची जनुकं एक्सेलमध्ये टाकली की त्यांच्या तारखा होतात, सप्टेंबर आणि मार्चच्या. २०१६ च्या एका पाहणीत, जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या पेपरांपैकी सुमारे एक पंचमांशांत असे घोटाळे निघाले. शेवटी २०२० मध्ये माणसांच्या जनुकांना नावं देणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली. एका सॉफ्टवेअरपुढे अख्ख्या जीवशास्त्राने हात टेकले, याचं मला अजून हसू येतं.

आणि माझा तो छोटा प्रोग्रॅम. पहिल्या पेपरसाठी लिहिला होता, संशयास्पद पट्टे झाकून टाकणारा. २०१२ पासून तो मी एकटी सांभाळते. त्याच्याबद्दल आजही ईमेल येतात, 'चालत नाही' एवढ्याच मजकुराचे. दहातल्या सात वेळा फाइल विंडोजवर सेव्ह केलेली असते आणि ओळीच्या शेवटी एक अदृश्य अक्षर जास्तीचं असतं. मी ते दुरुस्त करून पाठवते. बढतीच्या अर्जात यासाठी रकाना नाही. मार्गारेट डेहॉफ यांची मला अशा वेळी फार आठवण येते. १९६५ मध्ये त्यांनी ६५ प्रथिनांचे अनुक्रम गोळा करून पुस्तक छापलं, आणि आज जगभर वापरतात ती अमिनो आम्लांची एकेका अक्षराची खूणही त्यांनीच रूढ केली, डेटा कमी जागेत मावावा म्हणून. ती अक्षरं मी रोज वाचते. ती कोणी ठरवली हे माझ्या वर्गात दरवर्षी एखाद्यालाच माहीत असतं.

तर, त्रेचाळीस जनुकं.

विद्यार्थिनी अकरा दिवसांनी आली. या वेळी लॅपटॉप बंद, काखेत. माझा झाकणारा प्रोग्रॅम तिने चालवला होता आणि त्यावर विश्वास न ठेवता एकूण एक अलाइनमेंट डोळ्यांनीही पाहिली होती. (हे ऐकून मी जरा सुखावले, जरा दुखावले.) "सहा उरली, मॅडम. पाचांबद्दल मला अजून शंका आहे. पण हे एक बघा ना."

मी खुर्ची तिच्याकडे सरकवली. बदल नऊ होते, जनुकभर विखुरलेले. आजूबाजूला रिकाम्या जागा नाहीत, पट्टा नाही, चौकट जागेवर. शेजारच्या प्रजातीतही त्यातले दोन बदल होते. आम्ही दोघी बराच वेळ नुसत्या रकाने खालीवर करत बसलो.

"मला इथे चूक दिसत नाही," ती म्हणाली. आवाज अगदी हळू.

"मलाही नाही," मी म्हटलं. "मूळ रीड्स आहेत का तुझ्याकडे? नऊच्या नऊ जागा किती वेळा वाचल्यात ते बघू."

तिने टर्मिनल उघडलं आणि पहिली जागा टाइप केली.